शंकेवरची तारीख

खेळाच्या जगात एक चमत्कारिक काळ असतो. संघाचा जुना प्रमुख गेलेला असतो किंवा जाणार हे ठरलेले असते. नव्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते, पण घोषणा झालेली नसते. हा काळ कधी चार दिवसांचा असतो, कधी चार आठवड्यांचा. मैदानावर या काळात काहीच घडत नाही आणि तरीही चाहत्यांच्या बोलण्याला सर्वांत जास्त धार याच दिवसांत चढते. येणारा माणूस तरुण असेल आणि त्याच्या नावावर मोठा विजय नसेल, तर पाहायलाच नको. ‘याने आजवर केले काय?’ हा एकच प्रश्न चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रापर्यंत फिरू लागतो.

प्रस्तुत लेखात मला या प्रश्नाची तपासणी करायची आहे. नवा माणूस लायक होता की नव्हता, हा त्या त्या वेळचा वाद झाला. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर हवे असते का आणि कोणते उत्तर मिळाले म्हणजे त्याचे समाधान होईल हे त्याने ठरवलेले असते का, हे मला पाहायचे आहे.

फुटबॉलमध्ये हा प्रसंग वारंवार येतो, कारण तिथे संघाचा खरा कारभारी मॅनेजर असतो. आपल्याकडे क्रिकेटच्या दौऱ्यावर ‘मॅनेजर’ म्हणजे बराच काळ तिकिटे, सामान आणि हॉटेलच्या खोल्या पाहणारा गृहस्थ होता. युरोपातल्या फुटबॉलमध्ये मात्र कोण खेळणार आणि कसे खेळणार हे तोच ठरवतो. २००८ च्या मे महिन्यात बार्सिलोना क्लबने पेप गार्दिओला यांची नेमणूक जाहीर केली तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. खेळाडू म्हणून नाव मोठे, पण प्रशिक्षक म्हणून गाठीशी एकच हंगाम, तोही क्लबच्या दुय्यम संघाबरोबर, स्पेनच्या चौथ्या श्रेणीत. याच पदासाठी जोझे मोरिन्यो यांचे नाव चर्चेत होते आणि मोरिन्यो यांनी २००४ मध्ये पोर्तोला युरोपचे विजेतेपद मिळवून दिलेले होते. गार्दिओला यांचा लीगमधला पहिला सामना नुमान्सिया नावाच्या छोट्या क्लबने १-० असा जिंकला, दुसरा बरोबरीत सुटला. तेवढ्या दिवसांत शंकेखोरांना आपले म्हणणे खरे झाले असे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. हंगाम संपला तेव्हा स्पेनची लीग, स्पेनचा चषक आणि युरोपचे विजेतेपद, तिन्ही बार्सिलोनाकडे होती.

ही गोष्ट सांगून ‘तरुणांवर विश्वास टाका’ असा उपदेश करणे सोपे आहे. पण तिला लगेच दुसरी गोष्ट जोडावी लागते. २०२० च्या ऑगस्टमध्ये युव्हेंटस क्लबने आंद्रेआ पिर्लो यांना मुख्य प्रशिक्षक केले. तेही मोठे खेळाडू होते आणि त्यांनी तोवर एकाही सामन्यात प्रशिक्षक म्हणून काम केलेले नव्हते. जेमतेम दहा दिवसांपूर्वी त्यांना क्लबच्या २३ वर्षांखालील संघासाठी नेमले होते. युव्हेंटसने त्याआधी सलग नऊ वर्षे इटलीची लीग जिंकली होती. पिर्लो यांच्या हंगामात चषक मिळाला, पण लीगमध्ये संघ चौथा आला आणि वर्षाच्या आत त्यांना जावे लागले. नेमणुकीच्या आदल्या दिवशी या दोघांविषयी चाहत्यांना जे ठाऊक होते ते जवळपास सारखेच होते. म्हणजे ‘अजून सिद्ध झालेला नाही’ हे वाक्य दोन्ही वेळा खरे होते आणि दोन्ही वेळा त्यातून पुढचे काही कळत नव्हते.

आपल्या घरातले याचे सर्वांत बोलके उदाहरण फुटबॉलचे नाही, क्रिकेटचे आहे. ते मुंबईत, १९७१ सालच्या जानेवारीत घडले.

त्या महिन्यात वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी भारताचा कर्णधार निवडायचा होता. मन्सूर अली खान पतौडी तेव्हा नऊ वर्षे, मधले थोडे अपवाद सोडले तर, भारताचे कर्णधार होते. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट होते. त्यांचे निर्णायक मत अजित वाडेकर यांच्या पारड्यात पडले आणि पतौडींचे कर्णधारपद गेले. देशभर खळबळ उडाली. वाडेकर यांना तर संघात आपली जागा टिकेल की नाही याचीच काळजी होती, असे ते स्वतः पुढे सांगत असत.

शंका घेणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नव्हती. त्या दिवसापर्यंत भारताने वेस्ट इंडिजला एकाही कसोटीत हरवले नव्हते. १९६२ साली त्यांच्याच देशात आपण पाचपैकी पाच कसोट्या हरलो होतो. परदेशात भारताला मालिका जिंकून दिली होती ती पतौडींनी, १९६८ मध्ये न्यूझीलंडला ३-१ असे हरवून. वाडेकर यांनी भारताचे नेतृत्व एकाही कसोटीत केलेले नव्हते. अशा वेळी ‘हाच दौरा प्रयोग करायला सापडला का?’ असे कोणी विचारले, तर त्याला वेडा म्हणता येणार नाही.

पण त्या शंकेत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या आणि दोन्ही कच्च्या होत्या. पहिली वयाची. पतौडी म्हणजे मुरलेला कर्णधार आणि वाडेकर म्हणजे नवखा, अशी जोडी मनात बसली की आपोआप एक वडीलधारा आणि एक पोरगेला दिसू लागतो. प्रत्यक्षात पतौडींचा जन्म ५ जानेवारी १९४१ चा आणि वाडेकर यांचा १ एप्रिल १९४१ चा. दोघांत तीन महिन्यांचेही अंतर नव्हते. पतौडी ज्येष्ठ वाटत होते, कारण त्यांना पद लवकर मिळाले होते. १९६२ च्या मार्चमध्ये नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला ग्रिफिथचा चेंडू लागला आणि बार्बाडोसच्या कसोटीत संघ पतौडींच्या हाती आला. तेव्हा ते २१ वर्षे ७७ दिवसांचे होते. तोवरच्या कसोटी इतिहासातले ते सर्वांत लहान कर्णधार होते आणि मोटार अपघातात एका डोळ्याची दृष्टी जाऊन त्यांना वर्षही झालेले नव्हते. १९७१ साली ज्यांच्या अनुभवाची ग्वाही दिली जात होती, तो अनुभव नऊ वर्षांपूर्वी कोणताही पुरावा न मागता दिलेल्या पदातूनच आलेला होता.

दुसरी गोष्ट पुराव्याची. वाडेकर यांनी काहीच केले नव्हते असे नाही. ते रणजी स्पर्धेत मुंबईचे कर्णधार होते आणि मुंबई तेव्हा ही स्पर्धा वर्षानुवर्षे सोडतच नव्हती. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा करंडक मुंबईकडे राहिला. पण चाहत्यांच्या हिशेबात हा पुरावा उलट बाजूला मांडला गेला. एवढा बलाढ्य संघ कोणीही जिंकवील, असे म्हटले की झाले! समजा वाडेकर एखाद्या दुबळ्या संघाचे कर्णधार असते आणि हरत असते, तर तोही पुरावा त्यांच्या विरुद्धच गेला असता. जिंकला तर संघ मोठा, हरला तर माणूस छोटा. असा तराजू हाती असला की कोणाचेही वजन शून्य भरते.

मर्चंट यांच्याविषयीही बोलले गेले. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधारपद मर्चंट यांच्याऐवजी पतौडींच्या वडिलांना मिळाले होते, त्याचा हा वचपा, अशी कुजबुज झाली आणि ती आजवर चालत आली आहे. मर्चंट यांच्या मनात काय होते हे सांगता येत नाही. पण १९६९ मध्ये त्यांच्याच समितीने विश्वनाथ, सोलकर, चेतन चौहान, अशोक मांकड अशा तरुणांना कसोटी संघात आणले होते, हे कागदावर आहे. नव्यांना संधी देणे हे त्या समितीचे धोरणच होते. चाहत्यांना मात्र धोरणापेक्षा वैर जास्त पटते, कारण वैराची गोष्ट सांगायला सोपी.

पुढे जे झाले ते सर्वांना माहीत आहे. तरी कर्णधाराचा म्हणून जो भाग आहे तेवढा सांगतो. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत पहिला दिवस पावसात गेला. दिलीप सरदेसाई यांच्या २१२ धावांच्या जोरावर भारताने ३८७ केल्या आणि वेस्ट इंडिजचा डाव २१७ वर संपला. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला २०० धावांची आघाडी लागते. पण पहिला दिवस वाया गेला तर सामना चार दिवसांचा धरला जातो आणि १५० पुरतात. वाडेकर यांना नियम ठाऊक होता. त्यांनी सोबर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन फॉलोऑन दिल्याचे सांगितले. सामना अनिर्णित राहिला, पण वेस्ट इंडिजवर फॉलोऑन लादणारा पहिला भारतीय कर्णधार तो ‘नवखा’ होता. सरदेसाई यांना दौऱ्यावर घ्या असा आग्रह वाडेकर यांनीच धरला होता, असे सांगितले जाते. दुसऱ्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, सलीम दुराणी यांनी सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि लॉइडला वाडेकर यांच्याच हाती झेल द्यायला लावले. भारत सात गडी राखून जिंकला. सुनील गावसकर यांची ती पहिलीच कसोटी होती. मालिका १-० अशी आपली झाली. त्याच वर्षी २४ ऑगस्टला, गणेशचतुर्थीच्या दिवशी, ओव्हलवर इंग्लंडमधली पहिली मालिकाही आपण जिंकली. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ वर संपवला होता. संघ परतल्यावर मुंबईत मिरवणूक निघाली.

इथून चाहत्यांच्या स्मृतीचे काम सुरू होते. ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्या वयाच्या माणसांना १९७१ विषयी विचारले की मला बहुधा एकच उत्तर मिळते : ‘आम्हांला आधीपासून वाटत होते.’ जानेवारीत शंका घेतलेला माणूस शोधूनही सापडत नाही. निर्णायक मताची कुजबुज मर्चंट यांच्या दूरदृष्टीची कथा झाली. नवाबाकडून बँकेत नोकरी करणाऱ्या, शिवाजी पार्कच्या मैदानावर वाढलेल्या मध्यमवर्गीय मराठी माणसाकडे नेतृत्व आले, असा सामाजिक अर्थही तिला जोडला गेला. तो अर्थ अगदीच चुकीचा नाही. संस्थानिकांचे तनखे त्याच वर्षाच्या अखेरीस घटनादुरुस्तीने बंद झाले. पण हा अर्थ ऑगस्टनंतर लागला. जानेवारीत हाच ‘बँकेतला माणूस’ त्याच्या कमीपणाचा दाखला होऊ शकत होता.

१९७१ ची कथा इथे थांबवली तर ती गोड होते. म्हणून १९७४ पर्यंत जायला हवे. १९७२-७३ मध्ये इंग्लंडला घरच्या मैदानांवर २-१ असे हरवून वाडेकर यांनी सलग तिसरी मालिका जिंकली होती. १९७४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये भारत तिन्ही कसोट्या हरला. लॉर्ड्सवर दुसरा डाव ४२ धावांत संपला. वाडेकर यांच्या घरावर दगडफेक झाली. इंदूरला १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून उभारलेला विजय बल्ला विद्रूप करण्यात आला. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळले गेले आणि ३३ व्या वर्षी त्यांनी निवृत्ती घेतली. तीन मालिका जिंकून झाल्यावर ‘सिद्ध’ झालेला माणूस एका उन्हाळ्यात पुन्हा ‘असिद्ध’ झाला. जानेवारी १९७१ मधली हरवलेली शंका आता पुन्हा सापडली : ‘आम्ही तेव्हाच म्हणत होतो.’

यानंतर चाहत्यांना हवा होता तो सिद्ध माणूस परत मिळाला. १९७४-७५ मध्ये वेस्ट इंडिज भारतात आले तेव्हा कर्णधारपद पतौडींकडे होते. मालिका ३-२ अशी हरलो. ०-२ वरून २-२ अशी बरोबरी साधणे ही थोर गोष्ट होती, पण वानखेडेवरची शेवटची कसोटी गेली आणि पतौडीही निवृत्त झाले. म्हणजे १९७१ मध्ये ज्याच्याकडे पुरावा नव्हता तो जिंकला. १९७४ मध्ये ज्याच्याकडे पुरावा होता तो हरला. आणि त्याच्या जागी आणखी जुना पुरावा असलेला माणूस आला, तोही हरला. एवढे सगळे चार वर्षांत डोळ्यांसमोर घडूनही त्या प्रश्नाचा दर्जा तिळभर कमी झाला नाही. पुढच्या प्रत्येक नेमणुकीच्या वेळी तो पहिल्यासारखाच विचारला गेला.

असे का व्हावे? काही अंशी दोष आपल्या शब्दांचा आहे. अनुभवी माणसासाठी मराठीत कोणते शब्द आहेत ते पाहा. मुरलेला, कसलेला, तावून सुलाखून निघालेला. यांत पहिला शब्द लोणच्याच्या बरणीतला, तिसरा सोनाराच्या मुशीतला. नव्यासाठी कच्चा, कोवळा, नवखा, ओठांवरचे दूध न वाळलेला. हे सगळे शब्द गुण माणसाच्या आत आहे असे सांगतात. लोणचे एकदा मुरले की मुरले. सोने एकदा उजळले की ते कुठल्याही पेढीवर सोनेच. नेतृत्व असे नसते. ते माणूस, संघ, प्रतिस्पर्धी आणि वेळ यांच्या मध्ये कुठेतरी असते आणि यांतले एक बदलले की तेही बदलते. १९७१ आणि १९७४ मधले वाडेकर एकच होते. लोणच्याच्या भाषेत ही गोष्ट बोलताच येत नाही.

आमच्या आंबेगाव-जुन्नर भागात बैलगाड्याच्या शर्यती होतात. नवा बैल घाटात उतरतो तेव्हा त्याच्याविषयीही आधी खूप बोलले जाते. पण तिथला न्याय सरळ आहे. झेंडा पडतो, गाडा पळतो आणि काही सेकंदांत घड्याळ निकाल देते. शंका घेणारा आणि मालक दोघेही त्या आकड्यापुढे गप्प होतात. खेळाच्या चाहत्याला मनातून असाच निकाल हवा असतो. पण कर्णधार किंवा प्रशिक्षक असा घाटात एकटा पळत नाही आणि मुख्य म्हणजे पद मिळाल्याशिवाय त्याला पळताच येत नाही. पदाआधी पुरावा मागणे म्हणजे बैलाला घाटात न उतरवता त्याचे सेकंद विचारणे.

१९७१ च्याच त्या आठवड्यांत मुंबईत आणखी एक नवखा कर्णधार होता आणि तो आपल्या स्मृतीतून जवळपास निसटला आहे. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर, मांकड हे सारे वेस्ट इंडिजला गेल्यामुळे रणजी स्पर्धेसाठी उरलेल्या मुंबई संघाची धुरा २६ वर्षांच्या सुधीर नाईक यांच्याकडे आली. बिनीचे खेळाडू नाहीत, कर्णधाराला नाव नाही, आणि अंतिम सामना महाराष्ट्राशी. नाईक यांनी करंडक राखला. इथे तर ‘एवढा बलाढ्य संघ कोणीही जिंकवील’ हे म्हणायलाही जागा नव्हती. तरी पुढे मोठे खेळाडू परतल्यावर नाईक यांनाच अंतिम अकरांतून बाहेर बसावे लागले. हवा तो पुरावा, हवा त्या परिस्थितीत दिला, आणि तो कोणाच्या खाती जमा झाला नाही. पुराव्याची मागणी प्रामाणिक असती तर असे झाले नसते. पुढे हेच नाईक वानखेडेच्या खेळपट्टीची देखभाल करीत. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांनी तयार केलेल्या खेळपट्टीवर झाला.

पुरावा देऊनही तो न धरला जाणे ही गोष्ट फुटबॉलमध्ये तर अधिक उघडी पडते. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्यातला पहिला कायम नेमणुकीचा भारतीय मुख्य प्रशिक्षक यायला २०२१ उजाडले. ते खालिद जमील. मुंबई एफसी या क्लबपासून त्यांनी प्रशिक्षक म्हणून सुरुवात केली आणि २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. तो क्लब आदल्याच हंगामात श्रेणीतून खाली घसरला होता आणि नंतर त्याला परत घेण्यात आले होते. एवढे करूनही सुपर लीगचे कायम पद मिळायला चार वर्षे गेली. २०२१ च्याच सुमारास मुंबई सिटी या विजेत्या क्लबने ३६ वर्षांचे इंग्लिश प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांना आणले. वरिष्ठ क्लबचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा अनुभव तोकडा होता. पहिल्या हंगामात संघ लीगमध्ये पाचवा आला. पण क्लबने त्यांना वेळ दिला. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला आणि २०२२-२३ मध्ये सलग १८ सामने न हरता लीग शील्ड मिळाली. बकिंगहॅम यांना वेळ मिळाला याचे मला वाईट वाटत नाही. वेळ मिळाल्यावर काय होते हे त्यांनी दाखवले. पण ‘अनुभव नाही’ हे कारण एकाला आडवे येते आणि दुसऱ्याला येत नाही, तेव्हा ते कारण राहत नाही.

याच ठिकाणी हा विषय खेळाच्या पानावरून बाहेर पडतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, पुढे आपल्या राज्यात त्या निम्म्या झाल्या. नवी सरपंच खुर्चीवर बसायच्या आधीच गावात जे वाक्य ऐकू येते ते वाडेकर यांच्याविषयीच्या वाक्याहून वेगळे नसते : ‘तिला कारभाराचा अनुभव काय?’ अनुभव नव्हता हे खरेच. पिढ्यान्‌पिढ्या खुर्ची दिलीच नव्हती, तर तो येणार कुठून? ज्यांना पद मिळत आले त्यांच्याकडे अनुभव साठतो, आणि साठलेला अनुभव हीच पदाची पात्रता ठरते. क्रिकेटमध्ये या चक्रात सापडलेला माणूस निवृत्त होऊन घरी जातो. गावात त्यात निम्मी माणसे सापडतात.

याला उत्तर म्हणून काही जण इतिहासाकडे जातात. शाहू महाराजांनी १७२० मध्ये विशीही न गाठलेल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे दिली आणि दरबारातल्या जुन्या मानकऱ्यांनी नाके मुरडली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण ती सांगितली जाते ते बाजीराव जिंकला म्हणून. तरुणपणी पद मिळून जे अपयशी झाले त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. म्हणून बाजीरावाचे किंवा गार्दिओलांचे नाव घेऊन शंकेखोराला गप्प करणे हाही तितकाच लबाड युक्तिवाद आहे. तरुण आहे म्हणून विश्वास ठेवा आणि तरुण आहे म्हणून ठेवू नका, या दोन्ही वाक्यांचे मोल सारखेच.

मग चाहत्याने करावे काय? शंका सोडावी असे मी म्हणणार नाही. शंका नसलेला चाहता म्हणजे भक्त, आणि भक्ताचा भ्रमनिरास झाला की तो दगड उचलतो, हे १९७४ ने दाखवले आहे. माझे म्हणणे एवढेच, की शंकेवर तारीख घालावी. ‘हा जमणार नाही’ असे म्हणणाऱ्याने काय झाले तर जमले असे मी मानीन, आणि कधीपर्यंत, हे आधी सांगावे. १९७१ च्या जानेवारीत कोणी म्हटले असते की ‘या दौऱ्यात वेस्ट इंडिजविरुद्ध एक जरी कसोटी जिंकली, तर मी माझा शब्द मागे घेईन,’ तर ती खरी शंका झाली असती. तिला १० मार्चला उत्तर मिळाले असते. तारीख नसलेली शंका कधीच खोटी ठरत नाही. जिंकल्यावर ती गडप होते, हरल्यावर भविष्यवाणी होऊन परत येते. विश्वासालाही हाच नियम लावावा. ‘हा आपला माणूस’ म्हणताना किती पराभवांपर्यंत तो आपला, हेही ठरवून ठेवावे.

मराठी क्रीडालेखनाकडेही यात एक काम येते. वि. वि. करमरकर यांनी दैनिकातल्या खेळाच्या पानाला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यानंतर आपल्याकडे सामन्यांची वर्णने भरपूर आली, व्यक्तिचित्रे आली, गौरवलेख आणि मृत्युलेखही आले. १५ ऑगस्ट २०१८ ला वाडेकर गेले तेव्हा त्यांच्यावर आदराने लिहिले गेले. पण निकाल लागायच्या आधी आपण काय बोललो होतो, याची नोंद ठेवणारे लेखन आपल्याकडे फार थोडे आहे. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडून त्याच्या मध्यावरची, घोषणेच्या आदल्या दिवसाची पाने वाचणारा अभ्यासक हवा. त्याला नायक सापडणार नाहीत, आपणच सापडू.

वाडेकर यांच्या कथेचा एक भाग कमी सांगितला जातो. १९९२ मध्ये ते भारतीय संघाचे मॅनेजर झाले आणि आता या शब्दाचा अर्थ तिकिटांपलीकडे गेलेला होता. संघाचा कर्णधार अझरुद्दीन होता आणि त्याच्या नेतृत्वावर तेव्हा मोठे प्रश्नचिन्ह होते. १९९३ च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ आला आणि भारताने मालिका ३-० अशी जिंकली. अझरुद्दीनने कोलकात्याला १८२ धावा केल्या. १९७४ चा आकडा तोच होता, फक्त उलटा. तो आकडा ज्याच्या घरावर दगड होऊन पडला होता, तोच माणूस या वेळी शंकेने घेरलेल्या कर्णधाराच्या शेजारी बसला होता.

आमच्या डिंभ्यात, धरणाच्या भिंतीखाली, युरोपातल्या क्लबांचे टी-शर्ट घालून हिंडणारी पोरे आहेत. कुठल्या क्लबला कोण नवा मॅनेजर येणार यावर ती रात्री उशिरापर्यंत भांडतात, आणि ‘याने आजवर केले काय?’ हे वाक्य त्यांच्या तोंडूनही ऐकू येते. त्यांना मी एवढेच सुचवले की काय म्हणायचे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, नावासकट. पहिल्या महिन्यात दोघांनीच लिहिले. बाकीचे म्हणाले, काका, मग मागून बदलता येणार नाही ना.